तिजोरीकडून साबणाकडे : अर्देशीर गोदरेज

साबणाच्या वडीने डोके धुणे ही आज अनेकांना जुनी, काहीशी निष्काळजी सवय वाटते. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील कित्येक घरांत साबणाने न्हावे की नाही, हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न होता. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साबणांत जनावरांची चरबी असे. अंगाला एक वेळ चालेल, पण डोक्याला ती लावायची कशी, ही अडचण श्रद्धाळू हिंदू कुटुंबांना, तसेच शाकाहारी जैन समाजाला भेडसावत असे. या प्रश्नाचे उत्तर देणारा साबण १९१८ मध्ये मुंबईत तयार झाला. तो तयार करणारे अर्देशीर गोदरेज हे तोपर्यंत कुलपे आणि तिजोऱ्यांचे कारखानदार म्हणूनच प्रसिद्ध होते.

अर्देशीर यांचा जन्म मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात १८६८ साली झाला. वडील बुर्जोरजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. १८९० मध्ये त्यांचा विवाह बच्चूबाई यांच्याशी झाला. अवघ्या वर्षभरात, एप्रिल १८९१ मध्ये, बच्चूबाई आणि त्यांच्या एक नातलग तरुणी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून मृत्युमुखी पडल्या. या घटनेने सारी मुंबई हादरली. खटलाही चालला, आरोपी निर्दोष सुटला आणि मनोऱ्यावर नेमके काय घडले हे अखेरपर्यंत स्पष्ट झाले नाही. त्यानंतर अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर १८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते झांझिबारला गेले. तेथे पक्षकाराची बाजू संपूर्णपणे सत्याला धरून नाही अशी त्यांची खात्री झाली, तेव्हा ती मांडण्यास त्यांनी नकार दिला. वकिलाने पक्षकाराच्या वतीने बोलायचे असते, स्वतःच्या नव्हे, हा व्यवसायातील साधा संकेत त्यांना पटण्यासारखा नव्हता. वकिली तेथेच संपली आणि ते मुंबईला परतले.

एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यकाचे काम करीत असताना शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्याची कल्पना त्यांना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्ज घेऊन त्यांनी चिमटे, कात्र्या, सुऱ्या तयार केल्या. मालाच्या दर्जाविषयी तक्रार नव्हती. मात्र तो विकण्यास तयार असलेल्या इंग्रज व्यापाऱ्याला त्यावर हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का नको होता. अर्देशीर यांना तो शिक्का हवाच होता. या एका मुद्द्यावर व्यवहार फिसकटला आणि धंदा बुडाला. व्यवहारी माणसाने शिक्का पुसून पैसे मिळविले असते, हे येथे नमूद करायला हवे.

मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांनी कुलपांकडे मोर्चा वळविला. पुन्हा कामा यांचेच पैसे मदतीला आले. ७ मे १८९७ रोजी लालबागच्या गॅस कंपनीशेजारी एका लहानशा शेडमध्ये मोजक्या कारागिरांसह कुलपांचे काम सुरू झाले. पुढे तिजोऱ्या आल्या, धाकटे बंधू पिरोजशा कामात सहभागी झाले आणि गोदरेज हे नाव घरोघरी पोहोचले. कामा यांचे नातेवाईक बॉइस हे काही काळ भागीदार होते. ते बाहेर पडले तरी कंपनीच्या नावातून त्यांचे नाव कधीच गेले नाही.

कुलपांच्या धंद्यात स्थिरावलेल्या माणसाने वयाच्या पन्नाशीत साबणाचा नाद धरावा, याचे मूळ त्या काळच्या स्वदेशीच्या वातावरणात सापडते. अर्देशीर हे दादाभाई नौरोजी यांच्या आर्थिक विचारांचे अनुयायी होते. विलायती कंपन्यांचे साबण १८८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच हिंदुस्थानात येऊ लागले होते. टणक, टिकाऊ आणि भरपूर फेस देणारी वडी हवी तर चरबीवाचून गत्यंतर नाही, अशी त्या काळी समजूत होती. तिला शास्त्रीय आधारही होता. चरबीतील घटकांमुळे वडीला घट्टपणा येतो. खोबरेल तेलाचा साबण फेस उत्तम देतो, पण पाण्यात लवकर विरघळतो. अनेक तेले मऊ, चिकट साबण देतात. या सर्वांचे योग्य मिश्रण साधणे हे जिकिरीचे काम होते. प्रयोगांअंती अर्देशीर यांनी ते साधले आणि केवळ वनस्पती तेलांपासून बनविलेला 'चावी' हा साबण बाजारात आणला. कुलपांच्या कारखानदाराने साबणाला चावीचे नाव द्यावे, हे साजेसेच होते.

त्यानंतर आलेल्या साबणाचे नाव 'नंबर टू' होते. 'नंबर वन' १९२२ मध्ये, म्हणजे नंतर आला. दोन नंबरचा माल इतका चांगला वाटला, तर एक नंबरचा त्याहून सरस असणार असे ग्राहक आपोआप मानतील, असा त्यामागील हिशेब सांगितला जातो. कविवर्य रवींद्रनाथ टागोर यांनीही गोदरेज साबणाच्या जाहिरातीसाठी आपले नाव दिले होते.

आता केसांकडे वळू. मराठीत आंघोळ आणि न्हाणे हे दोन वेगळे शब्द आहेत. आंघोळ रोजची, तर न्हाणे म्हणजे डोक्यावरून, शिकेकाई, रिठे, आवळकाठी उकळून केलेल्या पाण्याने. या पाण्याने केस स्वच्छ होत, पण त्याला वेळ लागे आणि ते डोळ्यांत गेले की आग होई. शाम्पू हा शब्द मुळात हिंदुस्थानीच. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे तो लोकप्रिय केला, पण तेव्हा त्याचा अर्थ चंपी, मालीश असा होता. कृत्रिम द्रव्यांपासून बनविलेले आजच्या अर्थाचे शाम्पू १९३० च्या दशकात अमेरिकेत आले. तोपर्यंत शिकेकाईला सोयीचा पर्याय होता तो साबणाच्या वडीचाच.

हा पर्याय निर्दोष मात्र नव्हता. चरबीचा असो वा तेलाचा, साबण अल्कधर्मीच असतो आणि केसांना किंचित आम्लता मानवते. साबणाने केसांवरील खवले उघडे पडतात, केस राठ होतात. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग होऊन पांढरट साका केसांना चिकटतो. त्यामुळे तानसा तलावाचे मृदू पाणी वापरणाऱ्या मुंबईकरांना जे साधत असे, ते लखनौसारख्या गंगेच्या मैदानातील शहरांत विहिरीच्या पाण्यावर सहज साधत नसे. अखेरीस लिंबाचे पाणी डोक्यावर ओतण्याची घरगुती युक्ती या दोषावरच उतारा होती. अर्देशीर यांच्या साबणाने सोवळ्याची अडचण दूर केली, रसायनशास्त्राची नव्हे.

स्वदेशीविषयी त्यांची मते चळवळीतील सर्वांना मानवणारी नव्हती. माल केवळ देशी आहे म्हणून लोकांनी तो अधिक किंमत देऊन, कमी दर्जा सोसून घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. तरीही १९२१ मध्ये महात्मा गांधी यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी आवाहन केले, तेव्हा अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

१९२८ मध्ये सर्व व्यवसाय पिरोजशा यांच्या हाती सोपवून ते नाशिककडे गेले आणि तेथे शेती करू लागले. नव्या धंद्यात हात घालण्याची त्यांची हौस तेथेही सुटली नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. कारखान्यांचा वारसा पिरोजशा यांच्या मुलांकडे गेला. त्यांच्या काळात विक्रोळीची वसाहत उभी राहिली आणि पुढे गोदरेजच्या नावाने खास केसांसाठी एक साबणाची वडीही दुकानांत आली. ती शिकेकाईची होती.