पदकाची मागची बाजू

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनात पारितोषिक-वितरण सुरू झाले की आपणां सर्वांच्या नजरा टेबलावर मांडलेल्या पदकांकडे लागतात. यंदा ते कोणाला मिळणार, याची चर्चा आधी आठवडाभर चाललेली असते. पण ते पदक घडविले कोणी, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या इतिहासाच्या सरांनी आपला एक छंद आम्हांला दाखविला. जुन्या औद्योगिक प्रदर्शनांची स्मृतिपदके ते जमवितात. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर पॅरिस, व्हिएन्ना, फिलाडेल्फिया अशा शहरांतून अशा प्रदर्शनांची परंपराच सुरू झाली. यंत्रे, कापड, धान्य, चित्रे असे सारे तेथे मांडले जाई आणि उत्तम वस्तूंना पदके मिळत. प्रदर्शन संपले की त्याच्या इमारती पाडल्या जात. पदके मात्र घरोघरी उरली आणि संग्राहक आज ती शोधत फिरतात.

सरांच्या संग्रहात १८९३ सालच्या शिकागो प्रदर्शनाच्या पारितोषिक-पदकाची एक प्रतिकृती आहे. अस्सल पदक घेणे आपल्या पगारात बसत नाही, असे ते हसत सांगतात. पदक तीन इंच व्यासाचे. पुढच्या बाजूला कोलंबस हात पसरून नव्या भूमीवर पाऊल ठेवीत आहे. मागच्या बाजूला मजकुराचा फलक आणि विजेत्याच्या नावासाठी जागा. सरांनी आम्हांला दोन्ही बाजू नीट न्याहाळायला लावल्या. त्यांवर दोन निरनिराळ्या माणसांच्या सह्या आहेत! एकाच पदकाला दोन कारागीर का, हे शोधायला मी ग्रंथालयात गेलो आणि पुढच्या बाजूच्या शिल्पकाराच्या चरित्रातच गुंतलो. त्यांचे नाव ऑगस्टस सेंट-गॉडन्स.

त्यांचा जन्म १ मार्च १८४८ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन शहरी झाला. वडील बर्नार्ड हे मूळचे फ्रान्समधील आस्पे या गावचे. व्यवसाय जोडे शिवण्याचा. आई मेरी आयरिश. ज्या दुकानात बर्नार्ड जोडे शिवत, तेथेच ती सपातांना किनारी लावण्याचे काम करी. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याच्या पिकाचा मोठा दुष्काळ पडला होता. ऑगस्टस सहा महिन्यांचा असताना हे कुटुंब अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तेथे वडिलांनी पुन्हा जोड्यांचे दुकान थाटले.

तेराव्या वर्षी ऑगस्टसची शाळा सुटली. वडिलांनी त्याला लुई आव्हे नावाच्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. खड्यांवर लहान लहान उठावाची चित्रे कोरण्याचे ते काम. बोटांत बळ हवे, डोळ्यांत तेज हवे आणि एक रेघ चुकली तर सारा खडा वाया! मालक अत्यंत तापट होता. १८६४ साली एका क्षुल्लक कारणावरून त्याने मुलाला हाकलून दिले. पुढे पस्तावून तो जोड्यांच्या दुकानात आला आणि वाढीव पगार देऊ लागला. मुलाने नकार दिला. वडिलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी उमटलेला अभिमान तो जन्मभर विसरला नाही. त्यानंतर दुसऱ्या एका मालकाकडे तो शिंपल्यांवर कोरीव काम करू लागला.

दिवसभर काम करून रात्री हा मुलगा कूपर युनियन या संस्थेत चित्रकला शिकायला जाई. पीटर कूपर या उद्योगपतीने कष्टकरी मुलांसाठी ती संस्था काढली होती आणि तेथील रात्रीचे वर्ग विनामूल्य होते. पुढे या पीटर कूपरचाच पुतळा करण्याचे काम या विद्यार्थ्याकडे आले! १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला आणि त्यांचे पार्थिव न्यूयॉर्कला दर्शनासाठी ठेवले गेले. सतरा वर्षांचा ऑगस्टस रांगेत उभा राहिला, दर्शन घेतले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. १८८७ साली शिकागोत लिंकन यांचा त्यांनी घडविलेला पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्याची कीर्ती आजही आहे.

१८६७ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरायचे होते. ते पाहायला जातोस का, असे वडिलांनी एके दिवशी मुलाला विचारले. मुलगा आपला सारा पगार घरी देत असे. त्यातूनच वडिलांनी गुपचूप बाजूला ठेवलेले शंभर डॉलर त्यांनी त्याच्या हाती ठेवले. ऑगस्टस तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा होता. तो पॅरिसला गेला तो प्रदर्शनापुरता राहिलाच नाही. अर्धा दिवस कोरीव काम करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असे करीत १८६८ साली त्याने तेथील प्रख्यात कलाशाळेत प्रवेश मिळविला. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा तो रोमला गेला. तेथेही पोटासाठी कोरीव काम सुटले नाही.

पहिले मोठे यश आले १८८१ साली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात नौसेनापती फॅरागट यांचा त्यांनी केलेला पुतळा उभा राहिला आणि सेंट-गॉडन्स हे नाव अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. पण पुतळ्यांइतकेच त्यांचे प्रभुत्व होते ते उथळ उठावाच्या कामावर. कागदाच्या जाडीएवढ्या उंचसखलपणात माणसाचा चेहरा जिवंत करायचा, ही विद्या लहानपणी खडे कोरताना त्यांच्या बोटांत उतरली होती. पदकाला नेमकी हीच विद्या लागते.

शिकागोचे प्रदर्शन कोलंबसाच्या प्रवासाला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने भरले होते. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण जाणतोच. त्याचे पारितोषिक-पदक करण्याची विनंती सरकारने सेंट-गॉडन्स यांना केली. पुढच्या बाजूला त्यांनी कोलंबस घेतला. मागच्या बाजूला हाती मशाल घेतलेला एक नग्न तरुण दाखविला. ग्रीक शिल्पांच्या परंपरेत यात नवे काहीच नव्हते. परंतु यंत्रांचे चामडी पट्टे बनविणाऱ्या एका कंपनीने आपल्या जाहिरातीत या बाजूचे ओबडधोबड चित्र छापले आणि १८९४ च्या आरंभी सेनेटमध्ये गहजब उडाला. हे अश्लील आहे, असा निकाल ज्यांनी मूळ काम धड पाहिलेही नसेल अशांनी दिला! सेंट-गॉडन्स यांनी आराखडा बदलून दिला, तोही मान्य झाला नाही. शेवटी सरकारी टाकसाळीचे मुख्य कोरक्ये चार्ल्स बार्बर यांच्याकडून मागची बाजू नव्याने करून घेण्यात आली. पदकाला दोन कारागीर आहेत, त्याचे कारण हे. सेंट-गॉडन्स यांना या अपमानाचा अत्यंत संताप आला. पण पदक निघाले ते तसेच निघाले.

अशी वीस हजारांहून अधिक पदके पाडली गेली आणि १८९६ साली विजेत्यांना मिळाली. त्या काळी नवलाईच्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतून ती दिली गेली. डबी शाबूत असली तर संग्राहकांना दुप्पट आनंद होतो, असे सर सांगतात. प्रत्येकावर विजेत्याचे नाव असल्याने ते कोण होते याचा माग काढणे, हाच या छंदाचा खरा रस. या प्रदर्शनात पहिला-दुसरा असा क्रम नव्हता. सोन्या-चांदीचे पदकही नव्हते. सर्वांना सारखेच कांस्यपदक. आपल्याकडे हे मुद्दाम सांगायला हवे. राजा रविवर्मा यांची दहा चित्रे शिकागोला गेली होती व त्यांचा तेथे गौरव झाला. त्यांना तेथे सुवर्णपदके मिळाली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण त्या प्रदर्शनाचे पारितोषिक-पदक कांस्याचेच होते. त्यामुळे रविवर्म्यांचा मान तसूभरही कमी होत नाही. पुढे १८९४ मध्ये ज्यांनी मुंबईला छापखाना काढला आणि ज्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या, त्या चित्रकाराचा गौरव एका चांभाराच्या मुलाने घडविलेल्या पदकाने झाला, ही गोष्ट मला सोन्याहून मोलाची वाटते.

१८९७ साली बॉस्टनला त्यांचे शॉ-स्मारक उभे राहिले. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे आणि तिच्या गोऱ्या सेनानीचे हे उठावशिल्प. त्यासाठी त्यांनी जवळजवळ चौदा वर्षे घेतली. कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून एकेक चेहरा वेगळा घडविला. त्या काळी कृष्णवर्णीयांना विनोदी किंवा दीनवाणे दाखविण्याचीच रीत होती. येथे ते माणसांसारखे, ताठ मानेने चालत आहेत. स्मारकावर नाव मात्र सेनानीचे होते. पलटणीतील मृत सैनिकांची नावे स्मारकाच्या मागच्या बाजूला कोरली जायला १९८२ साल उजाडावे लागले.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात सेंट-गॉडन्स यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरी वडिलांच्या शंभर डॉलरांवर ते प्रदर्शन पाहायला गेले होते, तेथेच! पण त्याच वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. ते न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश येथील आपल्या घरी परतले. १९०४ साली कार्यशाळेला आग लागून पुष्कळ काम जळाले. अशा अवस्थेत १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना नवी सोन्याची नाणी घडविण्याचा आग्रह केला. म्हणजे पुन्हा तीच टाकसाळ आणि तेच बार्बर! तरीही त्यांनी काम घेतले. हात चालेना तेव्हा साहाय्यकाकडून घडवून घेतले. टाकसाळीने उठाव फार उंच असल्याची तक्रार केली की नमुना पुन्हा करायचा, असे चालले. ३ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. वीस डॉलरचे त्यांचे नाणे त्यानंतर चलनात आले. अमेरिकेचे सर्वांत सुंदर नाणे म्हणून संग्राहक आजही त्याच्याकडे पाहतात.

कॉर्निशचे ते घर आज राष्ट्रीय स्मारक आहे. जगभर मान मिळविलेल्या या शिल्पकाराने त्या घराला नाव दिले होते आस्पे, म्हणजे जोडे शिवणाऱ्या वडिलांच्या गावाचे.

हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझे वडील तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर रापी आणि आरी घेऊन बसतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रथम वर्षाच्या प्रवेश-अर्जात पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी व्यापार असे लिहिले होते. शेजारी वडीलच उभे होते. त्यांना वाचता येत नाही. फीचे पैसे त्यांनी रुमालाच्या गाठीतून सोडून दिले आणि मी ते घेतले.

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी चपला-बूट शिवणे असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि पुढच्या टेबलाकडे सरकविला. घरी आल्यावर मी वडिलांना त्या शिल्पकाराची हकीकत सांगितली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि तिकडे जोड्याला कोणते कातडे वापरतात, एवढेच विचारले. ते मला सांगता आले नाही. आता पुढच्या सुट्टीत ग्रंथालयात तेही शोधणार आहे.