झाडांची वस्ती ओळखणारे हम्बोल्ट

आज मी तुम्हाला अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांची माहिती सांगणार आहे. ते फार मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. कोणते झाड कुठे उगवते आणि कोणाच्या सोबतीने उगवते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. हे शहर जर्मनी देशात आहे. घरची श्रीमंती होती. पण ते ९ वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. म्हणजे माझ्यापेक्षाही एका वर्षाने लहान. त्यांना विल्हेल्म नावाचा मोठा भाऊ होता. तो अभ्यासात फार हुशार. अलेक्झांडर मात्र सारखा आजारी पडायचा. शिकवायला येणाऱ्या मास्तरांना वाटायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही. त्याचे सगळे लक्ष बाहेर असायचे. पाने, फुले, किडे, शिंपले, दगड गोळा करून तो खोलीत मांडून ठेवायचा. म्हणून घरचे त्याला छोटा औषधवाला म्हणायचे.

मोठेपणी ते खाणींवर सरकारी अधिकारी झाले. खाणीत उतरणाऱ्या मजुरांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १७९३ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने मजुरांसाठी मोफत शाळा काढली. कोंदट हवेत चालणारा दिवाही तयार केला. १७९६ मध्ये त्यांची आई वारली. वाट्याला पुष्कळ पैसा आला. दुसरा कोणी असता तर आरामात बसून खाल्ले असते. पण हम्बोल्ट यांनी नोकरी सोडली आणि तो पैसा जग बघण्यासाठी खर्च करायचे ठरवले.

५ जून १७९९ रोजी ते स्पेनमधून जहाजाने निघाले. सोबत त्यांचे मित्र एमे बाँप्लाँ होते. त्यांना झाडपाल्याची चांगली माहिती होती. १६ जुलै रोजी ते दक्षिण अमेरिकेत कुमाना गावी उतरले. हे गाव व्हेनेझुएला देशात आहे. तिथे बाजारात माणसे विकायला उभी केली होती. आपण बैल घेताना दात बघतो ना, तसे गिऱ्हाईक त्या माणसांचे दात बघत होते. हम्बोल्ट यांना फार वाईट वाटले. पुढे जन्मभर ते गुलामगिरीच्या विरुद्ध लिहीत राहिले.

त्या देशात व्हॅलेन्सिया नावाचे मोठे तळे आहे. त्याचे पाणी वर्षावर्षाला कमी होत होते. लोक म्हणायचे, तळाला भोक पडले असेल. हम्बोल्ट यांनी सगळीकडे फिरून मोजमाप केले. तेव्हा कळले, की भोक वगैरे काही नाही. आजूबाजूची झाडे तोडली होती आणि ओढ्यांचे पाणी निळीच्या शेतांकडे वळवले होते. म्हणून तळे आटत होते. हे १८०० साली त्यांनी सांगितले.

त्याच वर्षी ते यानोस नावाच्या माळरानातून गेले. हे माळरान इतके मोठे आहे, की समुद्रासारखे वाटते. उन्हाळ्यात तिथले गवत वाळून त्याची धूळ होते. मगरी आणि अजगर चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट बघतात. पाऊस आला की सगळे हिरवेगार होते, आणि नद्या फुगून जनावरांना उंचवट्यावर पळावे लागते. तिथल्या डबक्यांत विजेचा झटका देणारे मासेही आहेत. हम्बोल्ट यांचा एकावर पाय पडला आणि त्यांना लई जोराचा झटका बसला.

वरवर बघणाऱ्याला ते माळरान ओसाड वाटते. पण हम्बोल्ट यांनी बारकाईने पाहिले. कोरड्या जागी नुसते गवत. मधूनमधून खुरटी झाडे. काही ठिकाणी कठीण लाकडाचा एक ताड होता. त्याच्या पानांनी लोक घरे शाकारायचे. ओलसर जागी मात्र मोरिचे नावाचा वेगळा ताड. त्याच्या मुळाशी ओल टिकते, म्हणून तिथे दुसरी झाडे, किडे, पाखरे गोळा होतात. त्याची फळे माणसेही खातात. म्हणजे जशी माणसांची वस्ती असते तशी झाडांचीही असते, आणि कोणाची वस्ती कुठे हे माती, पाणी आणि हवा ठरवते.

२३ जून १८०२ रोजी ते चिंबोराझो नावाचा डोंगर चढले. तेव्हा लोक त्याला जगातला सर्वांत उंच डोंगर समजायचे. थंडीने हात बधिर झाले, हिरड्यांतून रक्त आले, तरी ते सुमारे ५,८०० मीटरपर्यंत गेले. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साडेतीन पट! पुढे मोठी घळ आडवी आली म्हणून माघारी फिरावे लागले. त्या भागातले डोंगर चढताना त्यांच्या लक्षात आले, की झाडे थराथराने बदलतात. खाली ताड आणि केळीसारखी झाडे. त्यावर सिंकोना, ज्याच्या सालीपासून हिवतापाचे औषध होते. मग झुडपे, मग नुसते गवत, मग दगडफूल, आणि शेवटी बर्फ. त्यांनी डोंगराचे एक मोठे चित्र काढून घेतले आणि ज्या उंचीवर जे झाड, तिथे त्याचे नाव लिहिले. हे चित्र १८०७ मध्ये छापून आले.

१८०४ मध्ये ते युरोपात परतले. हजारो वाळवलेली झाडे सोबत होती. त्यांना आपल्या देशात येऊन हिमालय बघायचा होता. पण कंपनी सरकारने परवानगी दिली नाही. ते हिमालयात आले असते तर किती माहिती मिळाली असती! १८२९ मध्ये, ५९ वर्षांचे असताना, ते रशियाच्या गवताळ प्रदेशात गेले. १५,००० किलोमीटरच्या वर प्रवास झाला आणि वाटेत बारा हजारांवर घोडे बदलावे लागले. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले. सगळा पैसा प्रवासात आणि पुस्तके छापण्यात संपला होता.

त्यांनी लावलेली सवय पुढे पुष्कळ शास्त्रज्ञांनी उचलली. आपल्या देशातल्या जंगलांचे प्रकार चॅम्पियन नावाच्या अधिकाऱ्यांनी १९३६ मध्ये लिहून काढले. १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी ती यादी सुधारली. तीत १६ मोठे गट आहेत. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवताळ रानांचे पाच प्रकार सांगितले. आपल्याकडच्या कोरड्या माळांचा प्रकार पवन्या आणि मारवेल या गवतांवरून ओळखतात. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण ही दोन्ही गवते आमच्या आबांना ठाऊक आहेत.

आबा म्हणतात, पूर्वी आपल्या माळावर पवन्या कमरेला लागायचा. आता जिकडेतिकडे कुसळीच. कुसळे गुरांच्या तोंडात टोचतात, म्हणून दाणे आल्यावर गुरे ती खात नाहीत. आमची गाय त्यामुळे दूध कमी देते आणि कडबा विकत आणावा लागतो. गुरुजी म्हणाले, एकाच जागी सारखी गुरे चरली की चांगले गवत आधी संपते आणि कुसळीची वस्ती होते. काही वर्षे माळाचा एक तुकडा राखून ठेवला तर चांगले गवत परत येऊ शकते.

लोक माळाला पडीक म्हणतात. पण हम्बोल्ट यांची गोष्ट वाचल्यापासून मला तसे वाटत नाही. माळ म्हणजे गवतांची वस्तीच आहे. आमच्या वर्गाने ठरवले आहे, की या पावसाळ्यात माळावरची गवते ओळखून वहीत नावे लिहायची. कोणते गवत कुठे आहे तेही लिहायचे. ज्या पालकांना गवतांची नावे माहीत असतील त्यांनी आम्हाला सांगावीत. आणि माळाचा एक कोपरा राखायचा का, याचा गावाने विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.

— इयत्ता ४ थी