अरणचे सावतोबा

माळ्याच्या मळ्याला एकादशी नसते. हें वाचून भाविकांनीं रागावूं नये. वांगीं, मेथी, कोथिंबीर यांना उन्हाच्या दिवसांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पाणी लागतेंच. तशांत आषाढी येते ती ऐन पेरणीच्या तोंडावर, आणि कार्तिकीला शाळूची कोळपणी-खुरपणी निघालेली असते. एके गांवीं कीर्तन संपल्यावर एका म्हाताऱ्या माळीबुवांनीं मला गांठून विचारलें कीं, ज्याचें पोट विहिरीच्या पाटावर, त्यानें वारी करायची तरी कशी? बुवांपाशीं उत्तर असतेंच असें लोकांना वाटतें. मजपाशीं नव्हतें. मीं त्यांना सावतोबांचें चरित्र सांगितलें, तेंच येथें सांगतों.

सावतोबांचा जन्म शके ११७२ म्हणजे इ. स. १२५० चा. गांव अरण, सोलापूर जिल्ह्यांत, माढें तालुक्यांत, मोडनिंबजवळ. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी. वडील पुरसोबा, आई नंगिताबाई. पत्नी जनाबाई भेंड गांवची. त्यांना विठ्ठल आणि नागाताई अशीं दोन मुलें झालीं, असें परंपरा सांगते.

हा मुलूख कमी पावसाचा. येथें बागाईत म्हणजे विहीर, आणि त्या काळीं विहीर म्हणजे मोट. तांबडें फुटण्यापूर्वीं बैल जुंपायचे, धावेवरून खालीं हांकायचे. चामड्याची मोट वर आली कीं थारोळ्यांत ओतायची, आणि बैल उलटे मागें आणायचे. दिवसभर हेंच. एकानें मोट हाकावी, दुसऱ्यानें वाफ्यांत उभें राहून दारें धरावें. जरा डोळा चुकला कीं पाट फुटतो आणि पाणी बांधाबाहेर जातें. वैशाखांत विहिरीचें पाणी खोल जातें, नाडा लांबवावा लागतो. मृग आले कीं पेरणी, हस्तांत शाळू, थंडींत कांदा-लसूण. या चक्रांतून माळ्यानें दहा दिवस बाहेर पडायचें म्हणजे मागें वाफे वाळूं द्यायचे.

पंढरपूर अरणहून कांहीं फार लांब नाहीं. सकाळीं निघालेला धट्टाकट्टा माणूस दुसऱ्या दिवशीं चंद्रभागेंत स्नान करील. आजोबा जात होते. तरी सावतोबा पंढरीस गेले नाहींत, अशीच परंपरा आहे. आळस म्हणावा, तर मोट हांकणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? त्यांनीं मळ्यांतच विठ्ठल पाहिला. भाजींत पाहिला, मोटेंत पाहिला, विहिरींत पाहिला. योग-याग, तीर्थ-व्रत यांची खटपट नको, मुखीं नाम असलें म्हणजे झालें, असें ते अभंगांत सांगतात. आम्हीं पाठशाळेंत गीतेचा अठरावा अध्याय घोकला, स्वकर्मानें ईश्वराचें अर्चन म्हणजे काय तें व्याकरणासह सोडवून दाखविलें. पण हातांत कासरा कधीं धरला नाहीं. सावतोबांनीं आधीं कासरा धरला.

त्यांचे अभंग मिळतात ते अवघे ३७. काशिबा गुरव यांनीं ते लिहून ठेवले असें मानतात. भाजीच्या प्रसिद्ध अभंगांत मिरची येते, ती मात्र सावतोबांच्या वाफ्यांत नसावी. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या काळांत, दोनशें वर्षांहून अधिक उशिरां. गाणारांच्या तोंडीं अभंगाला कोठेंतरी फोडणी बसली असेल. आम्हां कीर्तनकारांना हा दोष नवा नाहीं.

घरची एक गोष्ट सांगतात. जनाबाईंच्या माहेरचे पाहुणे आले, आणि हे भजनांत असे रंगले कीं पाहुण्यांची विचारपूससुद्धां झाली नाहीं. बाईंना राग आला. यायचाच. संताचा संसार त्याच्या बायकोला किती जड जातो, हें चरित्रकार एका ओळींत उरकतात. पुढें त्यांची समजूत पटली असें म्हणतात. पण चूल पेटली ती त्यांच्याच हातानें, हें विसरतां कामा नये.

आतां श्रोत्यांची आवडती कथा. नामदेव आणि ज्ञानदेव यांना घेऊन पांडुरंग कूर्मदासाच्या भेटीस निघाले. वाटेंत अरण लागलें. त्या दोघांना मागें ठेवून देव एकटाच मळ्यांत धांवला आणि कोठें लपवतोस म्हणून हट्ट धरून बसला. सावतोबांनीं खुरप्यानें स्वतःचें पोट चिरून त्याला आंत ठेवलें. नामदेव बाहेर देवासाठीं कासावीस झाले. ही कथा रंगवतांना टाळ्या खूप मिळतात. मला मात्र खुरपें डोळ्यांपुढें राहतें. दुसरें कांहीं शस्त्र त्या माणसापाशीं नव्हतेंच. रोज तण काढायचें, तेंच हत्यार.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशीस, इ. स. १२९५ मध्यें, सावतोबांनीं देह ठेवला. वय अवघें पंचेचाळीस. ज्ञानदेवांची समाधि पुढच्याच वर्षीची. सावतोबांची समाधि अरणलाच आहे.

एवढें सांगितलें आणि माळीबुवा उठले. त्यांना पहांटे मळ्यांत पाणी द्यायचें होतें. जातां जातां एवढें मात्र त्यांना ऐकवलें कीं, आषाढांत सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, आणि त्या परतल्यावर वद्य पक्षांत पांडुरंगाची पालखी पंढरीहून निघते ती अरणला, सावतोबांच्या भेटीला जाते.