मेणवलीचा वाडा आणि नाना फडणवीस

वाईहून कृष्णाकाठाने पश्चिमेकडे निघाले की कोसभराच्या आतच मेणवली लागते. गाव लहानसे. पण नदीकडे उतरणारा घाट, त्यावरची देवळे आणि मागे उभा असलेला भरभक्कम वाडा पाहिला म्हणजे हे काम कोणा सामान्य इनामदाराचे नव्हे, हे ध्यानात येते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मराठी राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या नाना फडणवीसांचा हा वाडा होय.

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. भानू घराणे मूळचे कोकणातले. आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले आणि १७१९ साली तेथील दंगलीत मारले गेले. या घराण्याकडे फडणिशी आली ती या उपकाराच्या स्मरणाने. वडील वारल्यावर वयाच्या चौदाव्या वर्षी ती नानांकडे आली. पाच वर्षांनी पानिपत झाले. आई व पत्नी यांना तीर्थयात्रा घडावी या हेतूने नाना फौजेबरोबर उत्तरेत गेले होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी त्यांना जीव वाचवून पळावे लागले. पत्नी पुढे भेटली, आई मात्र कायमची दुरावली. हा सारा वृत्तान्त त्यांनी आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवला आहे. स्वतःची भीती व उणीव न लपविता लिहिलेले असे गद्य त्या काळात दुर्मीळ होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाना तलवारीचे पुरुष नव्हते. साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणून परंपरेने त्यांची जी गणना केली, ती याच कारणाने. त्यांचे शस्त्र कागद. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कडक नजरेखाली ते हुजूर दप्तरात तयार झाले. जमाखर्च, सरंजामाच्या नोंदी, वकिलांची बातमीपत्रे यांचे रुमाल शिस्तीने बांधून ठेवण्याची तेथील रीत नानांनी शेवटपर्यंत सांभाळली. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि त्या बालकाच्या नावाने नानांनी राज्य चालविले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांना शरणचिठ्ठी लिहून द्यावी लागली. १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे तह झाला. दोघा कारभाऱ्यांचे एकमेकांशी फारसे पटत नव्हते, तरी राज्याची गरज दोघांनाही कळत होती.

याच धकाधकीच्या वर्षांत मेणवलीचे बांधकाम चालले होते. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मेणवली व पसरणी ही गावे नानांना डिसेंबर १७६८ मध्ये इनाम मिळाली. नानांनी मेणवलीत वस्ती वसविली, आणि वाडा, घाट व देवळे ही तिन्ही कामे सुमारे १७८० पर्यंत पुरी झाली. तिन्ही एकाच योजनेत बांधलेली आणि अजून एकत्र उभी असलेली, असे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळते.

वाड्याने सुमारे दीड एकर जागा व्यापली आहे. भोवती जाड तट, आत एकामागून एक सहा चौक. पेशवाईतील वाड्याचा चौक म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. उजेड, वारा आणि पावसाचे पाणी यांची सोय त्याच्यावरच असे. शिवाय घरात कोणी कोठवर यावे, हेही चौकच ठरवीत. परका मनुष्य व कारकून पहिल्या चौकात, भेटीचा पाहुणा सदरेवर, आणि बायकामुलांचा वावर अगदी आतल्या बाजूस. चौकाभोवती ओसऱ्या, त्यांवर लाकडी खांब व तुळयांवर पेललेला मजला. बाहेरून हे घर अबोल वाटते, रस्त्याकडे त्याने जवळजवळ पाठच फिरविली आहे. त्याची सारी शोभा आत आहे. वरच्या दालनांतील भिंतींवर पौराणिक प्रसंगांची चित्रे आहेत. त्यांचे रंग बरेच फिकट झाले असले, तरी रेषा ओळखता येतात.

मागील अंगाने नदीकडे जावे, तो चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट दिसतो. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवालये आहेत. लहानशा मंडपात टांगलेली घंटा पाहून अपरिचित मनुष्य चकित होतो, कारण तिच्यावर बाल येशूला घेतलेल्या मेरीची मूर्ती आणि १७०७ हे वर्ष आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चांतील घंटा विजयचिन्हे म्हणून निरनिराळ्या देवस्थानी गेल्या. त्यांपैकीच ही एक.

नानांना या घराचे सुख कितपत लाभले असेल, हा प्रश्न मनात येतोच. कारभाराचे ठाणे पुण्यात. तेथे त्यांचा स्वतंत्र वाडा होता, बेलबागेचे मंदिरही त्यांनीच बांधले. १७९५ च्या मार्चात खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला. वारसाच्या कारस्थानांत पुढच्या वर्षी नानांना पुणे सोडून सातारा, वाई असे करीत महाडपर्यंत जावे लागले. ते कारभारावर परत आले, तोच ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत दग्याने कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात पडले. १७९८ मध्ये सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

नानांची नऊ लग्ने झाली, पण पाठीमागे मूल राहिले नाही. सर्वांत धाकट्या पत्नी जिऊबाई त्या वेळी अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या बाजीरावाने मालमत्ता जप्त केली. नानांच्या निष्ठावंत किल्लेदाराने जिऊबाईंना लोहगडावर ठेवून किल्ला धरून ठेवला. अखेर आर्थर वेलस्लीच्या मध्यस्थीने त्यांना पनवेलीस राहण्याची मोकळीक व सालीना १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. ज्या इंग्रजांना दूर ठेवण्यात पतीचा जन्म गेला, त्यांच्याच हमीवर त्या मुलीस जगावे लागले. पेशवाई बुडाल्यानंतर मेणवली पुन्हा त्यांच्या ताब्यात आली. त्यांनी दत्तक घेतला, वाडा नांदता ठेवला आणि १८५४ साली त्या निवर्तल्या. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, पण मेणवलीचा वाडा दत्तकाच्या वंशाकडे चालत आला. अलीकडच्या पिढीने तो आणि त्याचा घाट २००४ च्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटात पाहिला असेल.

या वाड्यातच नानांचे खाजगी दप्तर राहिले होते. रुमालांत बांधलेले मोडी कागद शंभरएक वर्षे तेथे पडून होते. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती ते आले आणि 'मेणवली दप्तर' या नावाने अभ्यासकांना परिचित झाले. साताऱ्यास पारसनिसांनी उभारलेल्या संग्रहालयाचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला.