ऊनपावसातली लक्ष्मीबाई



स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मी अशी बाई निवडली की जिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, आणि तरीही जिने लिहिलेले पुस्तक मराठी माणूस आजही आवडीने वाचतो. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. या त्यांच्या घरातल्या नव्हेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या या पत्नी.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर म्हणून गाव आहे. तेथे 1 जून 1868 रोजी लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. म्हणजे आपल्या गंगाखेडच्या घाटाला जी गंगा लागते, तिच्याच वरच्या अंगाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या बंडानंतर इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला व सोवळ्याओवळ्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. घरात येईल ती वस्तू धुवावयाची, शिवाशिव झाली की पुन्हा धुवावयाची. मुलांचे हाल हाल होत. पण हेच हाल लक्ष्मीबाईंनी पुढे असे सांगितले आहेत की वाचताना हसू आवरत नाही. बापाचा राग मात्र त्यात कोठे नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, मनाचा अगदी निर्मळ. पण पाय घरात ठरेल तर शपथ. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. कधी न सांगताच निघून जावयाचे. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या हातात द्यावयाचा. घरात पीठ आहे की नाही हे बायकोने पाहावे. आपल्यापैकी कित्येकजणींना हे ओळखीचे वाटेल! मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. 1891 साली दत्तू झाला, तो जगला. टिळकांचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. त्या काळी बायकोच्या हाती पुस्तक देणे म्हणजे जगाचे हसे, पण त्यांनी लक्ष्मीबाईंना घरी अक्षर शिकविले. वाचता येऊ लागले. लिहिताना जोडाक्षर अडे, तेवढे मात्र बरेच दिवस अडत राहिले.

1893 साली टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एका साहेबाची गाठ पडली. बोलणे झाले, आणि त्याने टिळकांना बायबल दिले. टिळक ते वाचीत गेले. धर्माचा शोध त्यांच्या मनात आधीपासून होताच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तेव्हा आभाळ कोसळले. आजच्या मुलींना याची कल्पना यावयाची नाही. नवरा जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने मेल्यासारखा. कुंकू लावावे तरी लोक बोलणार, पुसावे तरी बोलणार. पदरी लहान मुलगा. रडून रडून त्यांची प्रकृती ढासळली. नातलगांनी त्यांना सांभाळले. पुढे त्या पंढरपुरास राहिल्या. चंद्रभागेच्या वाळवंटात बसून आपले दुःख विठ्ठलाला सांगणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. आपल्याच गंगाखेडची जनाबाई दळताकांडताना त्यालाच हाक मारीत होती. लक्ष्मीबाईंचे ते दिवस तसेच गेले. चारपाच वर्षे नवरा एकीकडे व त्या एकीकडे. टिळकांची पत्रे येत. त्यांत प्रेमही असे आणि भांडणही. या वियोगातच लक्ष्मीबाई स्वतः कविता जुळवू लागल्या.

शेवटी त्या नवऱ्याकडे नगरला गेल्या. पण धर्म बदलून नव्हे, हे नीट लक्षात घ्यावे. नवरा ख्रिस्ती आणि बायको ब्राह्मण. चूल निराळी, पाणी निराळे. नवऱ्याने ओढले नाही आणि बायकोने सोडले नाही. असा हा संसार पाहून दोन्हीकडचे लोक तोंडात बोट घालीत असतील. पण मला तर त्यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला की, ही जात देवाने केली की माणसाने? जनावरांना देवाने वेगळाली रूपे दिली, पण माणसामाणसांत तसा फरक कोठे केला आहे? ज्या घरात मीठही ओवळे होण्याची भीती, त्या घरातल्या मुलीने स्वतःच्या बुद्धीने हे उत्तर काढले आणि ठरवून टाकले की यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, पिईन. सोवळे आधी सुटले, ख्रिस्तावर विश्वास नंतर बसला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. नवरा गेला म्हणून मागे गेल्या नाहीत, आपल्या पायांनी चालत आपल्या वेळेला पोचल्या.

तो काळही कसा होता पाहा. 1899 व 1900 साली मोठा दुष्काळ पडला. त्याच्या आगेमागे प्लेगने थैमान घातले होते. आमच्या सासूबाई 1972 चा दुष्काळ सांगत. बायका पाझर तलावावर माती वाहत, खडी फोडीत. मुलांना सुकडी मिळे, आणि रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी. त्यावरून अंदाज करावा. 1972 साली निदान सरकारी कामे होती, धान्य बाहेरून येत होते. 1900 साली माणसे वाटेवर पडत. आईबाप गेलेली मुले मिशनच्या आश्रयाला येत. नगरला अशा मुलांत प्लेग शिरला तेव्हा टिळक पतिपत्नींनी त्यांची शुश्रूषा केली. ज्या बाईने लहानपणी शिवाशिवीच्या धाकाने अंग चोरले, तिनेच कोणाकोणाची दुखणी आपल्या हातांनी काढली. पुढे एका मुलीला, ताराला, त्यांनी आपलीच लेक म्हणून वाढविले.

त्यांच्या घरात कोण येऊन राहील याचा नेम नसे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळालेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा टिळकांनी घरी आणला. तो लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, त्यांच्याशी रुसला, मुलासारखा राहिला. त्याच्या धर्माला त्यांच्या घरात कोणी हात लावला नाही. शाळेत आपण त्याच्या श्रावणाच्या, फुलापाखरांच्या कविता पाठ केल्या. त्या लिहिणाऱ्या मुलाच्या पानात भाकरी वाढणारी माउली ही!

मग 1918 चा मे महिना आला. 5 तारखेला भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे अठ्ठाविसावे चालू. त्याला वर्ष उलटते न उलटते तोच 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळक गेले. ज्याच्यासाठी माहेर, जात, गणगोत सारे सोडले, तो माणूसच गेला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या.

येथे माझ्या घरची एक गोष्ट थोडक्यात सांगते. आमची धाकटी मुलगी तीन वर्षांची होऊन तापाने गेली. पुढे वर्षभर मी देवापुढे दिवा लावीत होते, पण हात जोडले जात नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका सांगत, देव चांगल्याच माणसांची परीक्षा पाहतो. मला ते ऐकवत नसे. त्याच दिवसांत थोरलीने कॉलेजच्या वाचनालयातून लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' आणले. मी ते दुपारी चोरून वाचू लागले. या बाईंनीही मुले गमावलेली. पण दुःख चांगले असते, असे त्यांनी मला कोठेही सांगितले नाही. त्यांनी फक्त आपल्याला कोण भेटले ते सांगितले. कोणी आसरा दिला, कोणी भांडून का होईना जेवू घातले, कोणी रात्रभर उशाशी बसले. एका हिशेबाच्या वहीत नुसती जमेची बाजू लिहावी तसे. मग मीही मनात मोजू लागले. लेक गेली त्या रात्री माझ्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारच्या आळीतून चार दिवस भाकरी येत होती. कोणाच्या घरून ते मी विचारलेही नव्हते. त्यानंतर हात जोडले गेले. माझा देव पंढरीचाच आहे. पण वाट दाखविली ती या ख्रिस्ती बाईंनी, हे मी लपवीत नाही.

ख्रिस्ती लोकांत देवाचे आभार मानण्याला उपकारस्तुती असा सुंदर शब्द आहे. आपण पोळ्याला बैलाचे पाय धुतो, वेळ अमावस्येला शेतात काळ्या आईला नैवेद्य दाखवितो, तीही उपकारस्तुतीच. पीक आले की हे सोपे जाते. 2025 च्या सप्टेंबरात पूर आला आणि उभे सोयाबीन पाण्यात कुजले, तेव्हा काळ्या आईला काय म्हणावे? मला वाटते, तेव्हा आभार तोंडाने मानावयाचे नसतात, हातांनी मानावयाचे असतात. पुराच्या वेळी आपल्या मंडळाच्या बायकांनी घरोघरचे पीठ, साड्या गोळा करून दिल्या, त्यालाच मी आभार म्हणते. आपल्याला कोणी तरी कधी तरी दिले होते, ते आपण पुढे दिले. लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर हेच केले. त्यांना आसरा मिळाला होता म्हणून त्यांनी आसरा दिला.

टिळकांच्या मागे त्या रडत बसल्या नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम केले. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीस राहिल्या. तो मुलूख आता पाकिस्तानात आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्राचे महाकाव्य लिहावयास घेतले होते. दहाअकरा अध्यायांवरच ते अर्धे राहिले होते. जोडाक्षराला अडखळणाऱ्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून ते पुढे नेले. ते 1938 साली, त्यांच्या मागे, छापून निघाले.

आणि 'स्मृतिचित्रे'. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, आईच्या मागे लागला म्हणून वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहावयास त्यांनी आरंभ केला. लिहिता लिहिता ते त्यांचेच चरित्र झाले. 1934 पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. चौथा भाग पुरा होण्याआधीच, 24 फेब्रुवारी 1936 रोजी, लक्ष्मीबाईंनी नाशिकला देह ठेवला. राहिलेला भाग मुलाने पुरा केला. पुढे पुस्तकाचे इंग्रजीत भाषांतर झाले. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंचे काम केले. पंडितांची किती तरी जड पुस्तके कपाटात पडून राहिली आणि या बाईंचे घरगुती बोलणे शिल्लक राहिले, कारण त्यात खोटे नाही. नवऱ्याचा राग आला तर आला म्हणतात, भीती वाटली तर वाटली म्हणतात, आणि पुढच्याच ओळीत स्वतःलाच हसतात.

त्यांच्या आयुष्यात उन्हाळे फार झाले. पाऊस आला तोही कधी पुरासारखा, कधी दडी मारून. पण विश्वास म्हणजे दुःख होणार नाही अशी देवाकडून लिहून घेतलेली हमी, असे त्यांनी कधी मानले नाही. विश्वास म्हणजे दुःखातही आपले दार उघडे ठेवणे. मला तरी त्यांच्या चरित्रातून एवढेच कळले. धर्म कोणताही असो, एवढे आपल्याला घेता येईल.

'स्मृतिचित्रे'ची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पुस्तक जाड आहे, पण घाबरू नये. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळे साथ देत नाहीत, त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळात यावे. निवडावयास भाजी आणली तरी चालेल. मी मोठ्याने वाचीत जाईन.