ऋण फेडणारी लेखणी

वॉल्टर स्कॉटचा जन्म १७७१ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरात झाला. बालपणीच्या दुखण्याने त्याचा उजवा पाय अधू झाला. प्रकृती सुधारावी म्हणून त्यास आजोबांच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे सरहद्दीवरील वीरांच्या कथा ऐकून त्याचे मन इतिहासात रमले.

१८१४ साली त्याने ‘वेव्हर्ली’ ही ऐतिहासिक कादंबरी नाव न घालता प्रसिद्ध केली. त्याच्या कादंबऱ्यांत राजांबरोबर सामान्य माणसेही सजीव झाली. वाचक लुब्ध झाले.

१८२६ साली भागीदारीतील छापखाना बुडाला. लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज शिरावर आले. मित्रांचे साहाय्य नाकारून, देह थकला तरी त्याने लेखन चालविले. १८३२ साली तो निवर्तला. उरलेले ऋण त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नातून फिटले. शौर्यकथा लिहिणारा हा लेखक संकटातही शूरच ठरला.