निजामशहानं नगर इथंच का वसवलं?

बांधवांनो, आपण भिंगारकर किल्ला रोज बघतो, पण नगर इथंच का वसलं हे पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही लिहितो. मलिक अहमदचा बाप बहामनी दरबाराच्या भांडणात १४८६ साली मारला गेला. मुलगा तेव्हा आपल्या बौद्ध लेण्यांच्या जुन्नरला होता. बहामनी फौज चालून आली. २८ मे १४९० ला भिंगारजवळच त्यानं ती बुडवली, तिथं बाग लावली. पण डोळा दौलताबादवर! जुन्नरहून दरसाल स्वारी लांब पडायची. म्हणून १४९४ साली अध्यावर, सीनेकाठी, त्यानं स्वतःच्या नावाची राजधानी मांडली. दगड वाहिले ते गोरगरिबांनीच, असं आम्ही समजतो. १४९९ ला दौलताबाद पडलं. पुढं १६०० साली मोगलांनी नगर घेतलं, तशी निजामशाहीची राजधानी परांड्याला, मग परत जुन्नरला गेली.